आजोबांची पदके: स्विंग माउंटिंग की कोर्ट माउंटिंग, आणि हरवलेल्याच्या जागी ठोकीव प्रत की ओतीव?

नागपूर-कामठी पट्ट्यात पलटणीशी नाते असलेली घरे पुष्कळ आहेत. कामठीची छावणी १८२१ सालची, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर तिथेच. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात आणि सीताबर्डीच्या किल्ल्यात प्रादेशिक सेनेची बटालियन. अशा घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा बहुधा असतोच. आत विटलेल्या रिबनी, दोन-तीन गोल पदके, एखादा काळपट तारा, आणि हमखास एक पदक गायब. २६ जानेवारी जवळ आली किंवा घराच्या वाटण्या निघाल्या की डबा खाली येतो.

मग दुकानात गेलात की दुकानदार दोन प्रश्न विचारतो. रिबनवर लटकती ठेवायची (स्विंग माउंटिंग) की मागे पाटी देऊन बसवायची (कोर्ट माउंटिंग)? आणि हरवलेल्याच्या जागी प्रत हवी असेल तर डायची, म्हणजे ठशाने ठोकलेली, की ओतलेली? दर तो सांगतो, फरक फारसा सांगत नाही. खरे तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे पदकाच्या घडणीतच असतात. म्हणून आधी ती बघू.

पदक घडते कसे

चित्रकाराच्या आराखड्यावरून प्लास्टरचा मोठा, ताटाएवढा नमुना करतात. रिड्यूसिंग मशीनचे एक टोक त्या नमुन्यावरून हळूहळू फिरते आणि दुसऱ्या टोकाचे कटर तेच चित्र लहान करून पोलादावर कोरते. या पोलादाला पाणी देऊन ते कडक करतात आणि दुसऱ्या पोलादात दाबून उलटा ठसा घेतात. तीच डाय. पुढे पत्रा लाटायचा, त्यातून चकत्या पाडायच्या, भट्टीत तापवून नरम करायच्या, आम्लात धुवायच्या आणि दोन डायांच्या मध्ये ठेवून प्रेसखाली ठोकायच्या. चित्राचा उठाव जास्त असेल तर एका ठोक्यात भागत नाही. ठोक्यासरशी धातू कडक होत जातो, त्यामुळे परत तापवायचे, परत ठोकायचे. इतवारीच्या सराफ्यात दिवाळीला मिळणारी चांदीची लक्ष्मीची नाणी याच पद्धतीची.

नाणे मात्र इथे संपते. पदकाचे अर्धे काम अजून बाकी असते, आणि ते हाताचे.

तारा असेल तर टोकांच्या मधला जादा धातू कापून काढायचा आणि टोके कानशीने साफ करायची. गोल पदक असेल तर वर रिबनची दांडी बसवायची. दांडीच्या बुडाशी एक छोटा पंजा असतो. तो पदकाची कड दोन्ही बाजूंनी धरतो आणि त्यातून आरपार एक पिन जाते. काही पदकांना पंजाऐवजी वर डाख लावून बसवलेला छोटा कान आणि त्यात कडी. परमवीर चक्राची दांडी तर फिरती असते, म्हणजे पदक वळवून मागची बाजू बघता येते. मागे कमळे आहेत, तेव्हा वळवून बघण्यासारखे आहेच. सावित्रीबाई खानोलकरांच्या आराखड्याचे हे ३५ मिलिमीटर व्यासाचे साधे कांस्य पदक, पुढच्या बाजूला इंद्राच्या वज्राच्या चार आकृती, मध्ये राजमुद्रा. एकाच मोहिमेपुरते नसलेले पदक असेल तर वर मोहिमेच्या नावाची पट्टी, म्हणजे क्लास्प, येते. तिचे कान दांडीच्या कानांवर बसवून बारीक रिव्हेट ठोकतात.

सगळ्यात शेवटी नाव. सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण पदकाच्या कडेवर येते, ताऱ्याच्या बाबतीत पाठीवर. कुठे ते ठशांनी उठवलेले असते, कुठे हाताने कोरलेले. कलकत्त्याच्या टांकसाळीतून आलेल्या जुन्या पदकांवर वळणदार, एकमेकांना जोडलेल्या इंग्रजी अक्षरांत कोरलेली नावे दिसतात. ओळखणारे ती लांबून ओळखतात. १९०८ चे इंडिया जनरल सर्व्हिस मेडल लंडनला आणि कलकत्त्याला, दोन्हीकडे पडले. चित्र एकच, पण पंजाची घडण थोडी वेगळी. डाय सारखी असली तरी जोडणाऱ्या हातांची सवय लपत नाही. आजही भारतरत्न, पद्म आणि शौर्यपदके कोलकात्यातच, अलीपूरच्या टांकसाळीत तयार होतात.

यातून एक गोष्ट मनाशी धरा. पदकाचा चेहरा हजारोंचा एकच असतो. तुमच्या आजोबांचे म्हणून जे काही त्यात आहे ते कडेवर, नावात आणि सांध्यात आहे. पुढचा सगळा निर्णय या तीन जागा कशा वाचतील यावर करायचा.

प्रत करायची तर: ठोकीव की ओतीव

ओतीव प्रत करणे सोपे आहे. मूळ पदक किंवा दुसऱ्या कोणाचे पदक रबरात दाबून साचा घेतात, मेण ओततात, मेणावरून धातू. डाय लागत नाही, एकच नग हवा असला तरी कारागीर तयार होतो. ठोकीव प्रतीसाठी कोणाकडे तरी डाय तयार असावी लागते. महायुद्धातले तारे, वॉर मेडल, १९४७ चे जनरल सर्व्हिस मेडल, १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार यांच्या प्रती मोठ्या संख्येने लागतात, म्हणून त्या ठोकीव मिळतात. एखादे दुर्मीळ पदक मात्र ओतीवच मिळण्याची शक्यता जास्त.

दोन्ही हातात घेतल्या की फरक कळतो. ठोकीव पदकात अक्षर आणि सपाट भाग यांच्यामधली पायरी टोकदार असते, जमीन, म्हणजे हा सपाट भाग, गुळगुळीत, कड सलग. ओतीव पदकात अक्षरांचे कोपरे वितळल्यासारखे गोलसर, जमिनीवर सुईच्या टोकाएवढी भोके, आणि कडेवर साच्याचा सांधा कानशीने घासल्याच्या खुणा. तेवढ्याने समाधान झाले नाही तर व्हर्निअर कॅलिपर लावा. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, साधारण शेकडा एक ते दोन. ३६ मिलिमीटरच्या पदकात हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो आणि कॅलिपरवर स्पष्ट दिसतो. त्या प्रतीवरून पुन्हा प्रत काढली असेल तर ती आणखी आकसलेली आणि आणखी बोथट, झेरॉक्सची झेरॉक्स.

पण ओतीव दिसले की खोटे, असा सरसकट नियम करू नका. व्हिक्टोरिया क्रॉस हा १८५६ पासून ओतीवच आहे. लंडनची हॅनकॉक्स ही पेढी तो बनवते. तो तोफांच्या धातूचा असतो, आणि त्या धातूपुढे डाय टिकेनात म्हणून ओतकाम करावे लागले, आणि ओतल्यावर प्रत्येक क्रॉस हाताने छिन्नीने साफ करून रेषा उठवतात. तो धातू सेव्हास्तोपोलला जिंकलेल्या रशियन तोफांचा, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण जपून ठेवलेल्या तोफा तपासल्या तर त्या चिनी घडणीच्या निघाल्या.

दुसरा अपवाद आपल्याकडच्या घरांत सापडण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला मिळालेली कांस्याची मोठी स्मृती-तबकडी, सुमारे १२० मिलिमीटर व्यासाची. तीही ओतीव, आणि तिच्यावरचे नाव कोरलेले नसून ओतकामातच उठवलेले. म्हणजे प्रत्येक तबकडीसाठी साच्यात नाव वेगळे भरले गेले. अशी तबकडी घरात असेल आणि तिच्यावर हुद्दा दिसला नाही तर घाबरू नका, हुद्दा घातलाच जात नसे.

माझे मत स्पष्ट आहे. ठोकीव मिळत असेल तर ओतीवकडे वळू नका, थोडे थांबावे लागले तरी. आणि ओतीवशिवाय गत्यंतर नसेल तर साच्यासाठी आपले मूळ पदक कारागिराच्या हाती देऊ नका. साचा घेताना रबर तापते, दांडीची पिन ढिली होते, आणि कित्येकदा साच्यात नीट बसावे म्हणून दांडीच काढून ठेवतात. प्रतीवर आजोबांचे नाव घालायची हौस असेल तर पाठीवर किंवा कडेवर लहान अक्षरांत 'प्रत' असे लेझरने उमटवून घ्या. ट्रॉफी-मोमेंटोच्या दुकानांत हे सहज होते. पन्नास वर्षांनी नातवाला खरे कोणते हा प्रश्न पडू नये.

नागपूरचे नाव असलेल्या पदकाबद्दल जादा सावध राहा. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. पुढे १८५१ मध्ये आर्मी ऑफ इंडिया मेडल निघाले, १८०३ ते १८२६ च्या लढायांसाठी, आणि त्याच्या क्लास्पमध्ये 'सीताबल्डी' आणि 'नागपोर' ही नावे आहेत, वेगवेगळी आणि एकत्रही. हे चांदीचे पदक तोवर जिवंत असलेल्यांनाच मिळाले, म्हणजे लढाईनंतर ३४ वर्षांनी. साहजिकच ते विरळ, आणि नागपुरी माणसाला ते दाखवले की खिशात हात जातोच. कोणी विकायला आणले तर आधी क्लास्पचे रिव्हेट आणि कडेवरचे नाव बघा. रिव्हेट नव्यासारखे चमकतेय आणि बाकी पदक काळे पडलेय, तर पट्टी नंतर चढवलेली असू शकते.

स्विंग की कोर्ट

आता मुख्य वाद. स्विंग माउंटिंगमध्ये एका धातूच्या पट्टीवरून रिबनी खाली सोडतात आणि पदके त्यांच्या टोकाला मोकळी लटकतात. चालताना हलतात, एकमेकांवर वाजतात. जुन्या फौजी माणसाला तो आवाज आवडतो. संचलनात तो शोभतोही.

कोर्ट माउंटिंगमध्ये मागे बक्रमची (खळ दिलेल्या जाड कापडाची) किंवा कडक पुठ्ठ्याची पाटी असते, तिच्यावर कापड. रिबन वरून खाली पदकाच्या मागेपर्यंत जाते, पदक तिच्यावर टेकते आणि दोन-चार टाक्यांनी जागच्या जागी बसते. नाव राजदरबारावरून आले: दरबारी पोशाखावर पदके वाजू नयेत म्हणून ही पद्धत रुळली. फोटोत हेच रूप नीटनेटके दिसते, आणि आजकाल दुकानदारही हेच सुचवतात.

कष्ट कोर्टमध्ये जास्त. सगळ्या रिबनींच्या खालच्या कडा एका रेषेत याव्या लागतात, पण पदकांची उंची सारखी नसते. महायुद्धाचा तारा कडीसकट लांब, दांडीचे गोल पदक आखूड. म्हणून शिवणारा आधी सगळी पदके पाटीवर मांडतो, खालच्या टोकांची रेषा धरतो आणि मग वरची रिबन किती दिसावी ते ठरवतो. रिबन बहुधा ३२ मिलिमीटर रुंद, आणि शेजारच्या रिबनीला चिकटून उभी राहिली पाहिजे. पदके पाचाच्या आत असतील तर शेजारी-शेजारी मावतात. जास्त झाली की एकावर एक चढवावी लागतात, आणि तेव्हा मानाचे पदक, म्हणजे छातीच्या मध्याकडचे, पूर्ण दिसते, बाकीची त्याच्याआड सरकत जातात. ही चढवाचढव शिलाई मशिनीने होत नाही. हाताचे टाके, तेही रिबनच्या रेशमाला भोक न दिसेल असे. कामठीत फौजी वर्दी शिवणाऱ्या शिंप्यांमध्ये हे येणारे हात अजून आहेत. एकाने मला सांगितले की पदक बसवायला वेळ लागत नाही, रेषा बसवायला लागतो.

टिकाऊपणाचा प्रश्न लोक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात रिबन असते. मी विचारीन ते कडेबद्दल. स्विंगमध्ये पदके एकमेकांच्या कडांवर आपटतात. चांदी मऊ, तांबे-निकेलची मिश्रधातू तिच्यापेक्षा कडक, आणि ताऱ्याची टोके तर टोकदारच. चांदीचे पदक ताऱ्याशेजारी लटकत राहिले की त्याच्या कडेवर आणि उंच भागावर, म्हणजे राजाच्या गालावर, बारीक खड्डे पडत जातात. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे आहे आणि त्याची जोडीदार व्हिक्टरी मेडल कांस्याची, त्यामुळे अशा जोड्यांमध्ये हे फार दिसते. कडेवर नाव असते, हे विसरून चालणार नाही.

मग कोर्ट चांगले? वापरायचे असेल तर हो. पण त्यातही एक मेख आहे. पदक पाटीला टाक्यांनी बांधले की मागची बाजू दिसत नाही. फिरती दांडी असेल तर ती फिरत नाही. ताऱ्याच्या पाठीवर नाव असेल तर ते कापडाला टेकून बंद. आणि घाईचे दुकान असेल तर टाक्यांऐवजी गोंद. गोंदाने बसवलेले पदक पाच-दहा वर्षांनी काढायला गेलात तर कांस्यावर डाग राहतो आणि काही गोंदांची वाफ चांदी काळी करते. म्हणून कोर्ट सांगताना 'फक्त टाके, कुठेही गोंद नाही' हे शब्द पावतीवर लिहून घ्या. दुकानदार तोंड वाकडे करेल, करू द्या.

हवेचा भागही धरा. नागपूरचा मे कोरडा आणि भाजणारा, पुढे जुलैपासून दमट. पुठ्ठ्याची पाटी उन्हाळ्यात वाकते, पावसाळ्यात ओल धरते आणि ओलसर कापडाला टेकलेल्या कांस्यावर हिरवट डाग येतो. पाटीसाठी बक्रम मागा आणि पदके भिंतीवर लावणार असाल तर पश्चिमेच्या भिंतीवर नको. दुपारच्या उन्हात रिबनचे रंग दोन-तीन उन्हाळ्यांत उडतात.

रिबन आणि पॉलिश

रिबन बदलली तरी चालते. फौजेतही ती झिजली की बदलतच असत. मात्र जुनी फेकू नका, पाकिटात घालून पदकाबरोबर ठेवा, कारण रंग जुळवताना तिचाच उपयोग होतो. वीर चक्राची निळी-केशरी आणि महावीर चक्राची पांढरी-केशरी घाईत अदलाबदल होते, ते बघा.

पॉलिशबद्दल थोडक्यात: नको. चिंच, राख, पितांबरी, सोनाराचे उजळवणे, काही नको. समई घासायची तशी पदके घासणारी घरे मी पाहिली आहेत. तिथे राजाचे नाक आधी जाते आणि मग आजोबांचा नंबर. कांस्यावर काळाने चढलेला तपकिरी थर ही घाण नव्हे. मऊ कोरडा ब्रश फिरवा, बस्स. मीना केलेले पदक असेल तर ब्रशही हलक्या हाताने.

क्रम चुकवू नका

माउंटिंगला देताना क्रम कागदावर लिहून द्या. ज्यांनी महायुद्ध केले आणि नंतर स्वतंत्र भारताच्या फौजेत राहिले, त्यांच्या संचात बहुतेक घरे चुकतात. सालांच्या क्रमाने १९३९-४५ स्टार आधी लावतात. नियमाने स्वतंत्र भारताची पदके आधी: १९४७ चे जनरल सर्व्हिस मेडल, स्वातंत्र्य पदक वगैरे. ब्रिटिश काळातली त्यानंतर. फील्ड मार्शल माणेकशांचा मिलिटरी क्रॉससुद्धा भारतीय पदकांच्या मागेच लागतो, हे सांगितले की घरातले काका बहुधा गप्प बसतात.

मी काय निवडीन

संचात कडेवर नाव असलेले एक जरी मूळ पदक असेल तर तो संच मी छातीवर लावायला देणार नाही. मूळ पदके सपाट पेटीत, आम्लरहित कागदावर, एकमेकांना न लागतील अशी. आणि लावण्यासाठी वेगळा ठोकीव प्रतींचा संच, कोर्ट माउंटिंगमध्ये. खर्च दुप्पट होतो हे मान्य. तेवढा करायचा नसेल तर मूळ पदकांनाच कोर्ट करा, पण टाक्यांचे, आणि आधी प्रत्येक पदकाच्या कडेचे व पाठीचे फोटो काढून ठेवा. आजोबा हयात असतील आणि त्यांना स्विंगच हवे असेल तर स्विंगच करा, त्यात चर्चा नको. फक्त चांदीचे पदक ताऱ्याच्या शेजारी येत असेल तर त्यांना एकदा सांगून बघा.

फ्रेम करणार असाल तर कोर्टपेक्षा स्विंगच बरे, कारण फ्रेममध्ये ती हलत नाहीत, आपटत नाहीत आणि पाठ बघायची असेल तर काढून बघता येतात. काच पदकांना टेकणार नाही एवढी खोली मागा.

आणखी दोन कामे. सेवा झालेल्याचे निवृत्तीचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा विचारा, हक्काची पदके कोणती हे कळल्याशिवाय प्रती बनवू नका. आणि प्रतींचा संच घातलेला कोणी स्वतः सैनिक असल्याचे भासवू लागला तर तो कायद्याने गुन्हा आहे, हे घरातल्या उत्साही पुतण्याला आधीच सांगा. पहिल्या महायुद्धाची किंवा त्याआधीची पदके शंभर वर्षे ओलांडलेली आहेत, म्हणून १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ती परदेशी पाठवता येत नाहीत. अमेरिकेतला भाऊ 'मला एक पाठव' म्हणाला तर त्याला ठोकीव प्रत पाठवा, पाठीवर 'प्रत' लिहिलेली.